मार्सेल पडले तो सोमवार

जॉन्सनव्हिलच्या चढावरच्या घरात स्वरदा उठून स्वयंपाकघरात आली, तेव्हा रेमी आधीच लॅपटॉपसमोर बसलेला होता. बाहेर दक्षिणेचा वारा खिडक्यांना धडका देत होता आणि घर नुसतं गारठलेलं होतं. हीटर लावायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. वेलिंग्टनमध्ये सोमवार उजाडायचा होता. तिकडे फ्रान्समध्ये रविवारची संध्याकाळ होती, संसदेच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीचं मतदान नुकतंच संपलं होतं आणि पहिले आकडे यायला लागले होते.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"धुव्वा," रेमी म्हणाला. "सगळीकडे."

सत्ताधारी पक्षाचा धुव्वा उडणार हे तीन आठवड्यांपासून सगळ्यांनाच दिसत होतं. राष्ट्राध्यक्षांनी ध्यानीमनी नसताना संसद बरखास्त केली, तेव्हापासून पक्षाचे लोक तोंड लपवून फिरत होते. पण स्वरदाला सगळ्या फ्रान्सशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकाच मतदारसंघाची काळजी होती. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातलं व्हालमोर हे गाव आणि त्याच्या आजूबाजूची खेडी. तिथले खासदार होते मार्सेल, रेमीचे वडील, तिचे सासरे.

मार्सेल मूळचे गावचे डॉक्टर. आयुष्यभर त्या खेड्यांतल्या लोकांची बाळंतपणं केली, म्हाताऱ्यांचे डोळे मिटले, मग गावचे नगराध्यक्ष झाले. चौसष्टाव्या वर्षी या नव्या पक्षाच्या लाटेत खासदार म्हणून निवडून आले. पुढच्या वेळी थोडक्यात वाचले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्या मोठ्या दगडी घरात ते आणि त्यांची म्हातारी कुत्री पेपिता, दोघंच राहत.

स्वरदा मूळची फलटणची. औषधशास्त्र शिकायला डुनेडिनला आली, नोकरीसाठी वेलिंग्टनला, आणि इथंच तिला रेमी भेटला. एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करणारा, कमी बोलणारा, बोलला की टोकाचं बोलणारा. लग्न फलटणला झालं. मार्सेल फेटा बांधून मांडवात बसले होते. स्वरदाचे वडील शिवाजीराव एकेकाळी पंचायत समितीचे सदस्य होते. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, तरी दोन दिवस ते अंगणात खुर्च्या टाकून राजकारणावरच बोलत होते. सुपाऱ्या मांडून शिवाजीराव तालुका समजावून सांगायचे आणि मार्सेल माना डोलवायचे.

तेव्हापासून दर रविवारी स्वरदाच मार्सेलना फोन करायची. तिचं फ्रेंच अडखळतं. ते सावकाश बोलायचे, तिचा उच्चार चुकला की हसून सुधारायचे. ती त्यांना पापा म्हणायची.

गेले दोन रविवार मात्र तिनं फोन केला नव्हता, आणि त्याला कारण होतं.

सत्ताधारी पक्षानं सहा महिन्यांपूर्वी एक कायदा केला होता. परदेशातून येणाऱ्या लोकांना, त्यांच्या बायकामुलांना फ्रान्समध्ये राहणं अवघड करणारा. मार्सेलनी पक्षाच्या आदेशाप्रमाणे त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं. रेमीला ते सहन झालं नाही. बापलेकांचं बोलणं तिथंच तुटलं. मग निवडणूक लागली, परदेशातल्या फ्रेंच मतदारांवर कार्यक्रम करणाऱ्या कुठल्याशा रेडिओवाल्यांनी रेमीला गाठलं आणि तो बोलून गेला.

"माझी बायको भारतातून येऊन दुसऱ्याच देशात उभी राहिली. तिच्यासारख्या माणसांच्या तोंडावर दार लावणाऱ्या कायद्याला माझ्या वडिलांनी हात वर केला. मी त्यांच्या पक्षाला मत देणार नाही."

स्वरदाचं नाव असं वापरण्याआधी त्यानं तिला विचारलं नव्हतं. तिला कळलं तेव्हा ते बोलणं व्हालमोरच्या घराघरांत पोचलं होतं. विरोधकांनी ते कापून, त्यावर मार्सेलचा फोटो लावून मोबाइलवरून पाठवलं होतं. ज्याला पोरगा मत देत नाही, त्याला तुम्ही का द्यावं? त्यानंतर पापांना फोन करून काय बोलायचं हेच तिला समजेना, आणि ती आज करू, उद्या करू म्हणत राहिली.

आता रेमीनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. व्हालमोरचा निकाल लागला होता. मार्सेल तिसरे आले होते. पुढच्या रविवारी दुसरी फेरी होती, त्या फेरीत उभं राहण्याइतकीसुद्धा मतं त्यांना मिळाली नव्हती. ज्या गावाचे ते वीस वर्षं नगराध्यक्ष होते, त्या गावातही ते मागे पडले होते.

स्थानिक वाहिनीची चित्रफीत होती. नगरपालिकेच्या दारात मार्सेल उभे होते, कोट नीट घातलेला, केस विंचरलेले. मतदारांचे आभार मानतो, एवढं त्यांनी म्हटलं. मग एका पोरसवदा पत्रकार मुलीनं विचारलं, "तुमच्या मुलानंही तुम्हाला मत दिलं नाही, त्याबद्दल काय सांगाल?"

मार्सेल तिच्याकडे पाहत राहिले. ओठ उघडले, पुन्हा मिटले. त्यांनी अगदी हलक्या हातानं तिचा माइक बाजूला केला आणि गर्दीतून वाट काढत ते निघून गेले. त्यांच्या मागं कोणी गेलं नाही.

"फोन कर त्यांना," स्वरदा म्हणाली.

"आत्ता? काय बोलू?"

"काहीही बोल."

"ते उचलणार नाहीत. रुसून बसतील महिनाभर. मी ओळखतो त्यांना." रेमीनं लॅपटॉप मिटला आणि तो अंघोळीला गेला. स्वरदानं फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, थांबला. पुन्हा लावला तेव्हा तो बंद होता.

तिची फार्मसी जॉन्सनव्हिलच्या बाजारातच होती, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हिवाळ्याचे दिवस, सर्दीखोकल्याची रांग लागलेली. काउंटरवरची ट्रेसी "किया ओरा, हाऊ आर यू टुडे" म्हणत गिऱ्हाइकं घेत होती आणि मागच्या टेबलाशी स्वरदा गोळ्यांच्या डब्यांना लेबलं लावत होती. प्रत्येक लेबल ती पुन्हापुन्हा वाचत होती, कारण वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, माइक बाजूला करणारा तो हात.

थोडी उसंत मिळाली की ती मागच्या खोलीत जाऊन फोन लावायची. बंद. घरचा फोनही लावला. तो वाजत राहिला. तिकडे मध्यरात्र झाली असेल. झोपले असतील, तिनं स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या माणसानं फोन बंद करून झोपू नये की काय?

पण मन काही खाऊ देईना. दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटला. मग तिनं फलटणला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत असणार, पण आप्पा पहाटेच उठतात.

"आप्पा, मार्सेल पडले."

"पडले?" शिवाजीराव एकदम सावध झाले. "कितीनं?"

"तिसरे आलेत. पार पानिपत झालंय. आणि फोन उचलत नाहीयेत."

"घरात कोण आहे त्यांच्याबरोबर?"

"कोणी नाही. कुत्री आहे."

पलीकडे मागं आईनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग आप्पा बोलले ते आवाज उतरवून.

"कोणाला तरी पाठव त्यांच्याकडं. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता तिकडे रात्र आहे आप्पा."

"म्हणूनच म्हणतोय. उजाडायची वाट बघू नको. मी पडलो होतो ना, तू चौथीत होतीस तेव्हा, त्या रात्री मी कुठं होतो माहितीये तुला?"

"घरीच होतात की."

"नव्हतो. कालव्यावर होतो. चपला काढून ठेवल्या होत्या कडेला. तुझा रमणकाका शोधत आला. काही बोलला नाही, शेजारी येऊन बसला. उजाडेपर्यंत बसला. मग म्हणाला, चल, चहा घेऊ. तो आला नसता तर तुझं कन्यादान दुसऱ्या कोणी केलं असतं."

एवढ्या वर्षांत हे घरात कोणी बोललं नव्हतं. "आप्पा..."

"माझं सोड. त्यांचं बघ. पडलेल्या माणसाला रात्र खायला उठती, पोरी. फोन ठेव आणि माणूस शोध."

माणूस कुठून शोधायचा? व्हालमोरमध्ये ती दोनदाच गेली होती. शेजाऱ्यांची नावं आठवत होती, नंबर नव्हते. तिनं रेमीला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. त्याला निरोप टाकला, वडिलांसाठी माणूस पाठवतेय, ताबडतोब फोन कर. मग ती मागच्या खोलीत खोक्यावर बसून विचार करू लागली, या वेळी गावात जागं कोण असेल. आणि तिला बेकरी आठवली. चौकातली बेकरी. पापा तिला एकदा अंधारात उठवून गरम पाव आणायला घेऊन गेले होते. बेकरीवाला रात्रीच भट्टी पेटवतो, त्यांनी सांगितलं होतं.

बेकरीचा नंबर इंटरनेटवर होता. खूप वेळ वाजल्यावर एका पुरुषानं उचलला. मागं यंत्राची घरघर.

स्वरदानं आपल्या मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, मी मार्सेल डॉक्टरांची सून, न्यूझीलंडहून बोलतेय, ते फोन उचलत नाहीत, मला भीती वाटतेय. वाक्यं अर्धवट राहत होती. मग घरघर थांबली, त्यानं यंत्र बंद केलं असावं.

"बाई," तो म्हणाला, "मी त्यांच्याविरुद्ध काम केलंय. तुमच्या नवऱ्याची ती चित्रफीत मीसुद्धा पुढं पाठवली."

"मला माहीत नव्हतं," स्वरदा म्हणाली. "पण दुसरं कोणी जागं नाही."

"संध्याकाळी ते इथून चालत गेले. मी दारात होतो. मी आत निघून आलो. नंबर द्या तुमचा. मी जातो. माझं नाव दिदिए."

रेमीचा फोन आला तेव्हा तिनं आप्पांचं सगळं सांगितलं. कालव्याचंही. तो ऐकत राहिला. मग "मी येतो" एवढंच म्हणाला आणि खरोखरच अर्ध्या तासात फार्मसीत आला, जॅकेटशिवाय, वाऱ्यानं लाल झालेला. लोक ब्लडप्रेशर मोजायला बसतात त्या बाकावर तो बसला आणि फोन दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत राहिला. ट्रेसीनं एकदा त्याच्याकडे, एकदा स्वरदाकडे पाहिलं आणि न विचारता त्याच्यापुढे चहाचा मग ठेवला. त्यानं त्याला हात लावला नाही.

दिदिएचा फोन आला. घराचं दार उघडं होतं. दिवे चालू. गाडी अंगणात. कोट खुर्चीवर. डॉक्टर कुठंच नाहीत.

"आणि कुत्री?" स्वरदानं विचारलं.

"कुत्रीही नाही."

तिनं ते रेमीला सांगितलं. "पेपिताला घेऊन गेलेत. फिरायला गेले असतील. झोप येत नसेल." आपल्या आवाजावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत होता. जो माणूस कुत्र्याला बरोबर नेतो, त्याला परत यायचं असतं. रेमीनं मान हलवली. त्याचा रंग जरासा परतला. त्यानं तिकडच्या पोलिसांना फोन लावला, नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि "शेवटचं बोलणं कधी झालं होतं" असं त्यांनी विचारल्यावर त्याला सांगता येईना.

ट्रेसीनं दुसऱ्या फार्मासिस्टला लवकर बोलावून घेतलं. "यू गो," ती स्वरदाला म्हणाली. "वी आर स्वीट हिअर." इकडचं आम्ही बघतो, असं तिला म्हणायचं होतं.

घरी चालत जाताना वाटेतच दिदिएचा पुन्हा फोन आला. रस्त्याच्या कडेला, कुणाच्या तरी कुंपणाशी उभं राहून स्वरदानं तो घेतला.

"कुत्री परत आलीये," दिदिए म्हणाला. "एकटीच. ओली आहे."

गावाच्या वरच्या अंगाला धरणाचा तलाव होता. स्वरदाला तो माहीत होता. तिथं त्यांनी डबा नेऊन खाल्ला होता, सासूबाई असताना. तिनं फोन कानापासून दूर घेतला नाही, रेमीकडे बघितलंही नाही, तरी त्याला कळलं. तो खाली बसला, फूटपाथवरच, आणि त्याच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. रडणं नव्हतं ते. मार लागलेलं जनावर कण्हतं तसं काहीतरी. समोरून कुत्र्याला घेऊन चाललेली एक बाई थांबली, "यू ऑल राइट, लव्ह?" म्हणाली. स्वरदानं मान हलवली. हो की नाही, तिचं तिला कळलं नाही.

"मी मारलं त्यांना," रेमी म्हणाला.

ती त्याला उठवू पाहत होती. राग तिलाही होता. आपलं नाव, आपलं येणं, आपलं उभं राहणं त्यानं हत्यारासारखं वापरलं याचा राग. तो दोन आठवडे तिनं आत दाबून ठेवला होता, आणि आता बोलायची वेळ नव्हती. तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि चढ चढून घरी आणलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते तिला नंतर सांगता आलं नाही. वारा पडला. रेमी भिंतीला टेकून जमिनीवर बसून होता. एकदा तो म्हणाला, "त्या पत्रकार मुलीला ते काय सांगणार होते?" आप्पांचा फोन आला, तिनं सांगितलं, अजून नाही. आप्पा म्हणाले, मी जागाच आहे. ते जागे असणारच होते, तिकडे सकाळ होती, पण ते असंच म्हणाले. खिडकीबाहेरचा उजेड उतरत गेला. फ्रान्समध्ये उजाडत होतं.

फोन वाजला तेव्हा दोघांपैकी कोणी हलेना. मग स्वरदानं उचलला.

"सापडले," दिदिए धापा टाकत होता. "जिवंत आहेत."

तलावाच्या कडेला, बांधाच्या दगडांवर ते बसलेले सापडले होते. छातीपर्यंत भिजलेले, थंडीनं काकडलेले. कधी आत गेले, कशानं परत फिरले, कोणालाच सांगत नव्हते. पोलिसांची गाडी त्यांना इस्पितळात नेत होती. दिदिएनं आपला पिठानं माखलेला अंगरखा त्यांच्या खांद्यावर टाकला होता. "बोलता का त्यांच्याशी?" त्यानं विचारलं.

रेमीनं फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "पापा," तो म्हणाला. "पापा, मी रेमी." पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग दिदिएचाच आवाज आला, खजील झालेला. "ते फोन घेत नाहीयेत, साहेब. सूनबाईंना द्या म्हणतात."

स्वरदानं फोन घेतला. मार्सेलचा आवाज इतका बारीक होता की तिला डोळे मिटून ऐकावं लागलं.

"तू दोन रविवार फोन केला नाहीस."

"हो पापा. चुकलं माझं."

"त्या कायद्यानं तुला दुखावलं का? खरं सांग."

नाही म्हणणं सोपं होतं. भिजलेल्या, काकडलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणीही नाहीच म्हटलं असतं. पण ते आयुष्यभर लोकांचं खोटं ऐकून रोग ओळखणारे डॉक्टर होते.

"हो," ती म्हणाली. "दुखावलं. तुम्ही मत दिलंत तेव्हा मी रडले होते. आणि रेमीनं माझं नाव घेतलं तेव्हाही रडले. तुम्ही दोघांनीही मला विचारलं नव्हतं."

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "त्याला सांग, येऊ नकोस." आणि फोन बंद झाला.

रेमी दुसऱ्या दिवशी गेलाच. इस्पितळात मार्सेलनी त्याला आत घेतलं नाही. नर्सनं येऊन सांगितलं, रुग्णाची इच्छा नाही. तो बाहेरच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसला. भेटीची वेळ संपली की दिदिएच्या बेकरीवरच्या खोलीत झोपायला जायचा, सकाळी पुन्हा येऊन बसायचा. स्वरदाला तो रोज फोन करायचा आणि रोज विचारायचा, काय करू? तिनं आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "करायचं काय? बसायचं. रमण बसला तसं."

या दिवसांत ती एकटी होती. फार्मसीत जायची, यायची, जेवायचं विसरायची. मार्सेल वाचले, असं सगळे म्हणत होते, पण तिला तसं वाटत नव्हतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रेमीला सांगितलं होतं, ते जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बुडणाऱ्याला कडेला आणलं म्हणजे तो पाण्याबाहेर आला असं नव्हे.

पुढच्या रविवारी दुसरी फेरी झाली. सोमवारी पहाटे स्वरदा निकाल बघायला उठली नाही. तिला फोननंच उठवलं. रेमी होता.

"पक्ष गेला," तो म्हणाला. "बहुमताच्या जवळपासही नाही."

"पापांना सांगितलं?"

"आतल्या टीव्हीवर लागलं होतं. दार जरा उघडं होतं, मला इथून ऐकू येत होतं. मग त्यांनी नर्सला विचारलं, बाहेर अजून तो बसलाय का. ती हो म्हणाली." रेमीचा आवाज घसरला. "मग म्हणाले, त्या व्हरांड्यातली खिडकी उघडी असते, तिथं वारा येतो. त्याला सांगा लावून घ्यायला. लहानपणापासून त्याची छाती भरते."

स्वरदा अंथरुणात उठून बसली.

"आत ये म्हणाले?"

"नाही."

"खिडकी लावलीस?"

"लावली."

"मग बस तिथंच," ती म्हणाली.